लॉस एंजेलिसमधील आर्मेनियन ज्येष्ठनिवास : पात्रता, कागदपत्रे आणि प्रवेशाची प्रक्रिया

घरातील आर्मेनियन वडीलधाऱ्यांसाठी त्यांची भाषा बोलणारे, त्यांच्या चवीचे जेवण देणारे आणि त्यांचे सण पाळणारे निवासस्थान शोधायचे असेल, तर अमेरिकेत त्यासाठी लॉस एंजेलिस परिसराइतके पर्याय क्वचितच कोठे सापडतील. ग्लेनडेल शहरात आणि सॅन फर्नांडो खोऱ्यात आर्मेनियन वस्ती दाट असून मिशन हिल्स येथील अरारात होम ही संस्था 1949 पासून वृद्धांची सेवा करीत आहे. तिच्याच आवारात आर्मेनियन वस्तुसंग्रहालयही आहे. सून किंवा जावई मराठी असलेल्या मिश्र कुटुंबांवर हे काम येते तेव्हा शोधाची सुरुवात बहुधा ‘आर्मेनियन’ या शब्दापासून होते. माझ्या मते ती देखभालीच्या पातळीपासून व्हावी, कारण कॅलिफोर्नियाचा परवाना देखभालीच्या प्रकारासाठी दिला जातो. संस्कृतीसाठी वेगळा परवाना नाही.

परवान्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. आंघोळ, कपडे, औषधांची आठवण आणि जेवण एवढ्यापुरती मदत हवी असल्यास निवासी देखभालगृह पुरते. त्यावर राज्याच्या समाजसेवा विभागाची देखरेख असते आणि तेथे प्रामुख्याने 60 वर्षे व त्यापुढील व्यक्तींना प्रवेश मिळतो. चोवीस तास परिचारिकांची गरज असल्यास स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटी लागते. तिला राज्याचा सार्वजनिक आरोग्य विभाग परवाना देतो. ही निवड सर्वस्वी कुटुंबाच्या हाती नसते. पोटातील नळीवाटे अन्न घेणाऱ्या, श्वासनलिकेला छिद्र पाडलेल्या किंवा अंथरुणावर पडून तिसऱ्या-चौथ्या टप्प्यापर्यंत चिघळलेल्या जखमा असलेल्या व्यक्तीला निवासी देखभालगृह सर्वसाधारणपणे ठेवून घेऊ शकत नाही. त्यामुळे आधी डॉक्टरांकडून प्रकृतीचे स्पष्ट मूल्यमापन करून घ्यावे आणि मगच संस्था पाहायला जावे.

आर्मेनियन वंशाचा असणे ही प्रवेशाची अट ठेवता येते का, असा प्रश्न अनेकांना पडतो. संघराज्याच्या निवासविषयक कायद्यानुसार ज्येष्ठांसाठी वयाची अट चालते, मात्र वंश किंवा राष्ट्रीय मूळ पाहून प्रवेश नाकारता येत नाही. त्यामुळे वंशाचा दाखला जोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथील वातावरण खरोखर आर्मेनियन आहे की नाही, हे मात्र कुटुंबाने स्वतः पारखून घ्यावे लागते.

ही पारख वरवरची असू नये. आर्मेनियातून किंवा इराणमधून आलेले लोक पूर्व आर्मेनियन बोलतात, तर लेबनॉन व सीरियातून आलेल्या बहुतेकांची बोली पश्चिम आर्मेनियन असते. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती पुष्कळदा नंतर शिकलेली इंग्रजी आधी विसरते, म्हणून आपल्या माणसाची बोली समजणारे कोणी रात्रपाळीलाही असते का, हे अवश्य विचारावे. दिवसा स्वागतकक्षात आर्मेनियन बोलणारी व्यक्ती भेटली एवढ्यावर समाधान मानू नये. नाताळ 6 जानेवारीला होतो का, 24 एप्रिलचा आर्मेनियन वंशसंहाराचा स्मृतिदिन पाळला जातो का, ईस्टरपूर्वीच्या दीर्घ उपवासात मांस, अंडी व दूधदुभते वर्ज्य करणाऱ्यांसाठी वेगळा स्वयंपाक होतो का, धर्मगुरू येतात का आणि ते कोणत्या चर्चचे, याचीही विचारणा करावी. आर्मेनियन लोकांत अपोस्टोलिक, कॅथलिक आणि इव्हँजेलिकल असे तिन्ही पंथ आहेत. शक्य असल्यास पूर्वकल्पना न देता जेवणाच्या वेळी जावे.

निवासी देखभालगृहासाठी ठरावीक नमुन्यातील वैद्यकीय अहवाल, क्षयरोग तपासणीचा निकाल, ओळख व आपत्कालीन संपर्काचा अर्ज आणि गरजांचे मूल्यमापन लागते. त्यासोबत ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी क्रमांक, विम्याची कार्डे, औषधांची यादी आणि नागरिकत्वाची किंवा ग्रीन कार्डाची प्रत तयार ठेवावी. आडनावाचा शेवट एका कागदावर ‘आयएएन’ आणि दुसऱ्यावर ‘वायएएन’ असा लिहिलेला असणे आर्मेनियन घरांत नेहमीचेच आहे. ही तफावत अर्ज करण्यापूर्वीच मिटवलेली बरी.

कुलमुखत्यारपत्र आणि वैद्यकीय निर्णयांविषयीचे आगाऊ इच्छापत्र प्रवेशाआधी करून घ्यावे. स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटीत दाखल झाल्यानंतर असे इच्छापत्र करायचे झाल्यास साक्षीदारांपैकी एक रुग्णहक्कांचा प्रतिनिधी किंवा ओंबड्समन (रहिवाशांच्या तक्रारी पाहणारा स्वतंत्र अधिकारी) असावा लागतो. समज पूर्ण गेल्यानंतर तर न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याची वेळ येऊ शकते.

खर्चाबाबत सर्वाधिक गैरसमज मेडिकेअरविषयी, म्हणजे मुख्यतः 65 वर्षांवरील लोकांसाठीच्या संघराज्याच्या आरोग्यविम्याविषयी, आहेत. मूळ मेडिकेअर दीर्घकालीन निवासाचा खर्च देत नाही. रुग्णालयात सलग किमान तीन दिवस आंतररुग्ण म्हणून राहिल्यानंतर कुशल परिचर्येची गरज असेल, तरच ती जास्तीत जास्त 100 दिवसांचा भार उचलते. त्यातही पहिले 20 दिवस पूर्ण आणि पुढे रोजचा सहभाग रुग्णाकडून घेतला जातो. आंतररुग्ण म्हणून दाखल न करता नुसत्या निरीक्षणाखाली काढलेले दिवस या तिनात मोजले जात नाहीत, म्हणून रुग्णालयातील नोंद कोणत्या प्रकारची आहे हे तेथेच विचारावे. मुलांनी अलीकडे बोलावून घेतलेल्या आईवडिलांना वयाची 65 वर्षे आणि ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षांचे वास्तव्य पूर्ण झाल्यावर हप्ता भरून मेडिकेअर घेता येते.

दीर्घकालीन परिचर्येसाठी कमी उत्पन्न असलेल्यांना मेडी-कॅलचा, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या सरकारी आरोग्यसाहाय्य योजनेचा, आधार असतो. 2024 मध्ये रद्द झालेली मालमत्तेची मर्यादा 1 जानेवारी 2026 पासून पुन्हा लागू झाली असून एका व्यक्तीसाठी ती 1,30,000 डॉलर आहे. राहते घर आणि एक वाहन सहसा त्यात धरले जात नाही. अर्ज काउंटीच्या (जिल्ह्याच्या) समाजसेवा कार्यालयात करावा लागतो आणि तो आर्मेनियन भाषेतही मिळतो. निवासी देखभालगृहात राहूनही मेडी-कॅलची मदत मिळू शकणारी एक सवलत योजना लॉस एंजेलिस काउंटीत आहे, परंतु त्यासाठी अर्जदाराची गरज नर्सिंग पातळीची असावी लागते आणि ती संस्था योजनेत सहभागी असावी लागते.

करार पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये. मेडिकेअर किंवा मेडी-कॅलची मान्यता असलेली नर्सिंग संस्था प्रवेशाची अट म्हणून मुलांकडून वैयक्तिक हमी मागू शकत नाही, तसेच वाद लवादाकडे नेण्याच्या कलमाची सक्तीही करू शकत नाही. सही ‘प्रतिनिधी’ म्हणून करावी.

अशा नर्सिंग संस्थेत प्रवेशानंतर 48 तासांत प्राथमिक देखभाल आराखडा आणि 14 दिवसांत सविस्तर मूल्यमापन होते. त्यानंतरच्या आराखड्याच्या बैठकीस कुटुंबाला हजर राहता येते. बोलीभाषा, उपवास, प्रार्थना, दुपारची आर्मेनियन कॉफी आणि नार्दी या फाशांच्या पटखेळाचा डाव हे सारे तेथे लेखी नोंदवून घ्यावे, म्हणजे पाळी बदलून आलेल्या नव्या कर्मचाऱ्यालाही ते वाचता येईल.