आजी हीच आत्या: स्पेनचे हॅब्सबर्ग कसे संपले

स्पेनचा राजा दुसरा कार्लोस, जन्म १६६१. त्याच्या आईची आई ही नात्याने त्याची सख्खी आत्यापण लागायची, कारण त्याच्या वडलांनी, चौथ्या फिलिपने, सख्ख्या बहिणीच्याच मुलीशी लग्न केलं होतं. म्हणजे आई झाली आतेबहीण, आणि तिसरा फिलिप हा वडलांकडून आजोबा, आईकडून पणजोबा. कागदावर काढून बघा, त्याशिवाय नीट कळत नाही.

हे हॅब्सबर्ग घराणं. मूळचे आजच्या स्वित्झर्लंडमधल्या एका किल्ल्याचे सरदार, पण भरभराट झाली ती मुख्यतः लग्नांमुळे. १४७७ मध्ये या घराण्यातल्या मॅक्सिमिलियनने बर्गंडीची वारस मेरी हिच्याशी लग्न केलं आणि नेदरलँड्सचा श्रीमंत मुलुख घरात आला, मग त्यांच्या मुलाचं लग्न स्पेनच्या हुआनाशी झालं आणि नातू पाचवा चार्ल्स १५१६ ला स्पेनच्या गादीवर बसला. पुढे चार्ल्सचा मुलगा दुसरा फिलिप याची आई पोर्तुगालची राजकन्या, म्हणून १५८० ला पोर्तुगालही मिळालं, त्यामुळे १६४० पर्यंत आपला गोवा, वसई, चौल इथेही याच घराण्याच्या राजांची सत्ता होती.

पण मुलगी बाहेरच्या घरात दिली की तिच्या मुलांचा गादीवर हक्क लागतो, हे ह्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार! त्यात तोलामोलाची कॅथलिक स्थळं मोजकीच आणि फ्रान्सशी तर वैरच. घराण्याच्या तोवर दोन शाखा झालेल्या, एक स्पेनची माद्रिदला, दुसरी ऑस्ट्रियाची व्हिएन्नाला. मग माद्रिदची मुलगी व्हिएन्नाला, व्हिएन्नाची माद्रिदला, असं चालू झालं, अशा लग्नांना लागणारी पोपची परवानगीही मिळत गेली. स्पेनच्या शाखेतल्या ११ लग्नांपैकी ९ रक्ताच्या नात्यात झाली, त्यातली २ चक्क मामा-भाचीची.

आता आपल्याकडेही बऱ्याच समाजांत मामाची मुलगी करतात, तेव्हा नात्यात लग्न म्हणजे लगेच सर्वनाश असं नाही. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची एक वडलांची. दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता किती, ते मोजणाऱ्या आकड्याला इनब्रीडिंग कोएफिशिअंट म्हणतात. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या मुलासाठी तो १६ मध्ये १, म्हणजे साधारण ०.०६. एक प्रत बिघडलेली असली तरी बऱ्याचदा दुसरी सांभाळून घेते, दोन्ही तशाच आल्या तर मात्र आजार बाहेर पडतो. हॅब्सबर्गांनी हे एकदा नाही, पिढ्यानपिढ्या केलं आणि तो आकडा साचत गेला. २००९ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी १६ पिढ्यांमधल्या ३,००० हून जास्त माणसांची वंशावळ घेऊन हिशोब केला. हुआनाचा नवरा पहिला फिलिप याचा आकडा ०.०२५, कार्लोसचा ०.२५४! सख्ख्या बहीण-भावाला मूल झालं तर त्याचा येतो ०.२५.

त्याच अभ्यासात मला सगळ्यात जास्त लागलेला आकडा म्हणजे, १५२७ ते १६६१ मध्ये या राजांना ३४ मुलं झाली, त्यातली १० मुलं एक वर्षाची व्हायच्या आत गेली, आणि ती धरून एकूण १७ दहा वर्षांची व्हायच्या आत. दाई, वैद्य, खाणंपिणं, कशाचीच कमी नसलेल्या राजवाड्यात निम्मी मुलं गेली. कार्लोस जगला, पण बोलायला लागला चार वर्षांचा झाल्यावर, चालायला आठव्या वर्षी, जीभ एवढी मोठी की बोललेलं कळायचं नाही. दोन लग्नं झाली, मूल नाही. संशोधकांना दोन दुर्मिळ आनुवंशिक आजारांचा संशय आहे, एक पिट्युटरी ग्रंथीचा, एक मूत्रपिंडाचा, पण तो अंदाजच.

आणि त्याची सख्खी बहीण मार्गारिता, आईवडील तेच म्हणून आकडाही तोच, पण तिला असलं काही नव्हतं. चित्रकार व्हेलास्केझच्या 'लास मेनिनास' या प्रसिद्ध चित्रात मधोमध उभी असलेली पाच वर्षांची मुलगी ती हीच. म्हणजे आकडा फक्त शक्यता सांगतो, कोणाच्या वाट्याला काय येईल ते नाही. तिलाही दिलं सख्ख्या मामालाच, व्हिएन्नाच्या सम्राट लिओपोल्डला. चार बाळंतपणं झाली, एकच मुलगी वाचली, आणि १६७३ मध्ये ही २१ व्या वर्षी गेली. त्या वाचलेल्या मुलीचा आकडा कार्लोसपेक्षाही जास्त. तिचा मुलगा योसेफ फर्डिनांड, त्याला कार्लोसने वारस नेमलं होतं, तो सहा वर्षांचा असताना १६९९ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १७०० ला कार्लोस वारला, गादी फ्रान्सच्या राजाच्या नातवाला गेली आणि तिच्यासाठी युरोप १७१४ पर्यंत लढत राहिला.