पट्टी किती निसटली, आणि किती वेळात?

प्रतिक्रियेचा वेळ मोजायचा, पण घड्याळाशिवाय: शाळेतल्या या प्रयोगाची खरी गंमत हीच. एकाने 30 सेंटीमीटरची पट्टी वरून उभी धरायची. दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी चिमूट उघडी ठेवायची. पट्टी न सांगता सुटते, चिमूट मिटते, आणि जिथे मिटली तो आकडा वहीत जातो. सेंटीमीटरांना 490 ने भागून वर्गमूळ काढलं की सेकंद हाती येतात. घड्याळाचं काम गुरुत्वाकर्षणच करतं.

गफलत होते ती यापुढे. 10 सेंटीमीटरवर पकडणारी मुलगी 20 वर पकडणाऱ्यापेक्षा दुप्पट चपळ, असं सरळ लिहून टाकलं जातं. तिचा वेळ 0.14 सेकंद, त्याचा 0.20. पट्टी पडताना वेग घेत जाते, त्यामुळे नंतरचे 10 सेंटीमीटर ती जेमतेम 0.06 सेकंदात ओलांडते. म्हणून आधी प्रत्येक आकड्याचे सेकंद करावेत, मग सरासरी.

हा वेळ खर्च होतो कुठे? जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1850 च्या सुमारास बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे मोजलं. तो वेग सेकंदाला 30 मीटरच्या आसपास भरला, त्या काळच्या समजुतीपेक्षा कितीतरी कमी. माणसाच्या हाताच्या मज्जातंतूंत तो साधारण 50 ते 60 मीटर असतो. म्हणजे मेंदूपासून बोटांपर्यंतचा प्रवास फार तर 0.02 सेकंदाचा. बाकीचा बहुतेक वेळ डोळ्याच्या पडद्यावरची रासायनिक क्रिया, मेंदूतली जुळवाजुळव आणि स्नायूंचं आकुंचन यांत जातो. कानाला ती रासायनिक पायरी नसते, म्हणून आवाजाला आपण जरा लवकर प्रतिसाद देतो. मात्र डोळे मिटून 'सोडली' या शब्दावर पट्टी पकडायची असेल, तर बोलणाऱ्याचं तोंड आणि हात एकाच क्षणी चालायला हवेत. ते क्वचितच जमतं.

5 सेंटीमीटरच्या आत पकडलेली पट्टी मी बाद धरेन. ते 0.1 सेकंद झाले, आणि तो बहुधा अंदाज असतो. धावण्याच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींतही पिस्तुलानंतर 0.1 सेकंदाच्या आत निघालेला धावपटू चुकीची सुरुवात केल्याबद्दल बाद होतो.

एकाच मुलाचे दहा आकडे मात्र शेजारी शेजारी मांडून पाहावेत. ते आपापसांतच इतके मागेपुढे असतात, की दोन मुलांच्या सरासरीतला 0.01 सेकंदाचा फरक त्यांत सहज बुडून जातो.