वेब : दस्तऐवज की ॲप

दुव्यांनी जोडलेले दस्तऐवज वाचायला देणे हे वेबचे मूळ काम, की ब्राउझरमध्ये चालणारी ॲप्स पुरवणे हे, याविषयी संगणकक्षेत्रात दीर्घकाळ चालत आलेला वाद. दस्तऐवज सर्व्हरकडून, म्हणजे पाने साठवून मागेल त्याला पाठवणाऱ्या संगणकाकडून, तयार मजकूर म्हणून येतो, त्याला स्वतःचा पत्ता असतो आणि कोणताही प्रोग्राम न चालवता तो वाचता, साठवता व छापता येतो. ॲपच्या बाबतीत सर्व्हरकडून मुख्यतः प्रोग्राम येतो. तो वाचकाच्या संगणकावर किंवा फोनवर चालतो, लागेल तशी माहिती मागवतो आणि पडद्यावर दिसायचे ते तिथेच घडवतो.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत मांडलेला प्रस्ताव माहितीच्या व्यवस्थापनाचा होता. संस्थेत माणसे थोड्या काळासाठी येत आणि जाताना प्रकल्पांची माहितीही त्यांच्याबरोबर निघून जाई. ती टिकवणे हा मूळ हेतू. १९९० च्या अखेरीस नेक्स्ट संगणकावर तयार झालेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये पाने वाचता येत, तशी लिहिताही येत. मजकुरातच चित्र दाखवण्याची सोय १९९३ मध्ये मोझेइक ब्राउझरने लोकप्रिय केली. मात्र सर्नमध्ये वेबचा पहिला खरा उपयोग झाला तो दूरध्वनी पुस्तिकेत नाव शोधण्यासाठी, म्हणजे प्रश्न विचारून उत्तर मिळवण्यासाठी. त्यामुळे निव्वळ दस्तऐवजांचे वेब असा काळ कधी होता, असे ठामपणे म्हणता येत नाही.

१९९५ मध्ये नेटस्केप या कंपनीने आपल्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट, म्हणजे पानात प्रोग्राम (स्क्रिप्ट) लिहिण्याची भाषा, आणली. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्ये, पान पुन्हा न उघडता सर्व्हरकडून माहिती आणण्याची सोय झाली. ती आउटलुक या ईमेल प्रोग्रामची वेब आवृत्ती करताना निर्माण झालेल्या गरजेतून आली होती. एप्रिल २००४ मध्ये जीमेलने या सोयीच्या बळावर काय करता येते ते जगाला दाखवले.

वादाचा निर्णायक टप्पा त्याच वर्षी जूनमध्ये आला. वेबची मानके ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था तेव्हा एक्सएचटीएमएल २ या दस्तऐवजकेंद्री मानकावर काम करीत होती. सॅन होजे येथील तिच्या कार्यशाळेत मोझिला व ऑपेरा या ब्राउझर बनवणाऱ्या संस्थांनी एचटीएमएललाच, म्हणजे वेबची पाने लिहिण्याच्या रूढ भाषेलाच, ॲपच्या गरजेनुसार वाढवावे असे सुचवले, पण हा प्रस्ताव ८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला गेला. लगेचच मोझिला, ऑपेरा आणि ॲपल यांनी व्हॉटडब्ल्यूजी हा वेगळा गट काढला. एक्सएचटीएमएल २ चे काम २००९ मध्ये थांबले, आणि या गटाने ‘वेब ॲप्लिकेशन्स’ या नावाने सुरू केलेले काम एचटीएमएल ५ म्हणून ऑक्टोबर २०१४ मध्ये मान्य झाले. मतदानात हरलेला पक्ष व्यवहारात जिंकला.

या विजयाची किंमत ट्विटरच्या उदाहरणात नेमकी दिसते. २०१० मध्ये ट्विटरने आपले संकेतस्थळ ॲपच्या पद्धतीने नव्याने बांधले आणि त्याच्या पत्त्यांत हॅश (#) व उद्गारचिन्ह आले. पत्त्यातील हॅशपुढचा भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही. त्यामुळे वाचकाला कोणता संदेश हवा आहे हे सर्व्हरला कळत नसे; तो सर्वांना एकच रिकामा सांगाडा पाठवी, मग स्क्रिप्ट उतरे, ती चालू होई, पत्ता तपासे आणि त्यानंतर संदेश मागवी. फार तर १४० अक्षरांचा मजकूर वाचण्यासाठी हा सारा खटाटोप होता. मे २०१२ मध्ये कंपनीने पाने पुन्हा सर्व्हरवर तयार करायला घेतली, तेव्हा पहिला संदेश दिसायला लागणारा वेळ आधीच्या एक पंचमांशावर आला.

रेल्वेचे वेळापत्रक हा दस्तऐवज आहे आणि आरक्षण ही क्रिया आहे. दुसऱ्यासाठी ॲप हवेच, पहिल्यासाठी त्याची गरज नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते वादाचा गाभा इथे आहे. ॲप वेबवर असण्यात काही गैर नाही. जे केवळ वाचायचे आहे तेही ॲपच्या साच्यात कोंबले जाते, ते मात्र चुकीचे आहे. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयांच्या शेवटी, निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे, अशी नोंद असते. त्या नोंदीत पत्ता असतो तो संकेतस्थळाचा. निर्णयापर्यंत पोहोचायचे तर शोधचौकट गाठून लांबलचक आकडा भरावा लागतो. नागरिकाच्या हक्काशी निगडित कागदाला साधा, कायमचा आणि कोणालाही पाठवता येईल असा पत्ता असणे ही किमान अपेक्षा आहे.

मजकूर केवळ दिसून भागत नाही, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामाईक अक्षरसंकेत-पद्धती रुळण्यापूर्वी अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे खास फाँट वापरत. पडद्यावर मराठी दिसे, पण फाइलमध्ये रोमन अक्षरांची आणि चिन्हांची सरमिसळ असे. फाँट नसला की तीच समोर येई आणि मराठीत शोध घेतला तर बातमी सापडत नसे. ॲपच्या पद्धतीत हा धोका वेगळ्या वाटेने परत येतो. गूगल डॉक्सने २०२१ मध्ये मजकूर एचटीएमएलऐवजी चित्राप्रमाणे रेखाटण्याचा मार्ग जाहीर केला. अशा रचनेत अंध वाचकांच्या पडदावाचकासाठी (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामसाठी) मजकुराची निराळी व्यवस्था करावी लागते.

ॲपसाठीच्या सोयी वाढत गेल्याने ब्राउझर घडवणे अतिशय खर्चिक झाले. ऑपेराने २०१३ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आपापले इंजिन, म्हणजे पान पडद्यावर घडवणारा ब्राउझरचा गाभा, सोडून गूगलचे क्रोमियम स्वीकारल्याचे जाहीर केले, आणि आज ब्लिंक (क्रोमियमचे), वेबकिट (ॲपलचे) व गेको (मोझिलाचे) ही तीनच प्रमुख इंजिने उरली आहेत. याला कंटाळून २०१९ मध्ये जेमिनी हा मुख्यतः मजकुरासाठीचा वेगळा प्रोटोकॉल (संगणकांमधील देवाणघेवाणीचे नियम) निघाला. त्यामागची तळमळ खरी असली, तरी वाचकांनी वेब सोडून यावे ही त्याची अट फार जड आहे.

अधिक व्यवहार्य मार्ग २००३ पासून मांडला गेला आहे : आधी मजकूर साध्या एचटीएमएलमध्ये पुरा द्यावा आणि स्क्रिप्टच्या सोयी त्यावर चढवाव्यात. ब्रिटिश सरकारच्या डिजिटल सेवा याच पद्धतीने बांधाव्यात असा तेथील नियम आहे. तेथील सरकारच्या डिजिटल सेवा विभागाने २०१३ मध्ये केलेल्या मोजणीत १.१ टक्का वाचकांपर्यंत जावास्क्रिप्ट पोहोचत नसल्याचे आढळले. त्यांपैकी ती स्वतः बंद ठेवणारे किंवा ती न चालणारा ब्राउझर वापरणारे अवघे ०.२ टक्के होते, उरलेल्या ०.९ टक्क्यांचे ब्राउझर ती चालवू शकत होते, तरीही त्यांच्याकडे ती चालली नव्हती.