२०१ नक्की कोणाचा?

समजा, पुण्याच्या ऑफिसात २०१ लावला की हिशेबनीस फोन उचलतात आणि नाशिकच्या कारखान्यात त्याच २०१ वर गेटवरचा वॉचमन. दोन्हीकडे आपापला ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज, आहे. आता मालकांना दोन्ही जागा थेट एक्स्टेन्शनने जोडून हव्यात. जोडणीचं काम फार नाही. खरी कटकट आहे ती २०१ कोणाकडे राहणार याची.

पूर्वी अशा दोन ठिकाणांमध्ये भाड्याची कायमची लाइन घेत. तिला टाय लाइन म्हणत. आता आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी ८ बिटांचे, म्हणजे ६४ किलोबिट, इंटरनेटच्या पाकिटांतून जातात. पाकिटांवरच्या पत्त्यांचा भार धरून एका दिशेला साधारण ८० ते ९०. साध्या ब्रॉडबँडलाही हे जड नाही.

नंबरांवर सरळ उपाय म्हणजे वाटणी: पुण्याला २००० ते २९९९, नाशिकला ३००० ते ३९९९. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ॲस्टेरिस्कसारख्या, ईपीएबीएक्सचं काम करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ‘तीन आणि पुढे कोणतेही तीन अंक’ एवढा एक नियम लिहिला की पुण्याहून नाशिक लागतं. मालिका १ ने मात्र सुरू करू नये. ११२ आणि १०० तिथेच आहेत. सगळे नंबर सारख्याच लांबीचे ठेवावेत. २० आणि २०१ दोन्ही असले, तर २० लावल्यावर आणखी अंक येतोय का याची यंत्र वाट बघत बसतं.

जुने नंबर सोडायला कोणी तयार नसेल, तर आधी ८ लावून मग २०१, असंही करता येतं. पण वॉचमनचा मिस्ड कॉल पुण्यात नुसता ‘२०१’ दिसतो. उलट फोन लावला की शेजारच्या टेबलावरचे हिशेबनीस ‘बोला’ म्हणतात! म्हणून येणाऱ्या कॉलच्या नंबराआधीही ८ चिकटवावा लागतो. हे हमखास विसरलं जातं.

याहून वाईट म्हणजे टोलवाटोलवी. नाशिकमध्ये कोणी आळसाने लिहून ठेवतो, ‘माझ्याकडे नसेल तो नंबर पुण्याला पाठव.’ मग अस्तित्वातच नसलेला ३९९९ नाशिकहून पुण्याला जातो, पुणं म्हणतं ‘३ म्हणजे नाशिक’, आणि कॉल परत फिरतो. इंटरनेटवरून कॉल जोडायच्या एसआयपी या पद्धतीत असा फेरा थांबवायला एक मोजणी असते, बहुधा ७० पासून उतरणारी. पण ईपीएबीएक्स बरेचदा आलेला कॉल स्वतःकडे संपवून पुढे नवाच लावतो, आणि मोजणी पुन्हा ७० वर. काही क्षणांत सगळ्या वाहिन्या भरतात आणि दोन्ही ऑफिसांचे फोन मुके होतात.

यावर इलाज एका ओळीचा आहे: पलीकडून आलेल्या कॉलला फक्त आपल्याच एक्स्टेन्शनवर जाता यावं, परत लिंकवर नाही आणि बाहेरच्या लाइनवरही नाही. नाहीतर पलीकडच्या यंत्रात घुसलेला चोर पुण्याच्या बिलावर परदेशी फोन लावत बसेल.