कॅडमियम आणि कोबाल्ट: भुकटी जस्ताचीच, रीत वेगळी

'द्रावणात कोबाल्ट राहिलंय? झिंक डस्ट वाढवा.' जस्ताच्या कारखान्यात दिला जाणारा हा सल्ला आता तरी बंद व्हावा. विजेने जस्त काढण्याआधी झिंक सल्फेटच्या द्रावणातले इतर धातू जस्ताच्या भुकटीने (झिंक डस्ट) काढतात: जस्त विरघळतं आणि त्याच्या बदल्यात तो धातू भुकटीवर बसतो. कॅडमियमला लागू पडणारा उपाय डोळे मिटून कोबाल्टला लावल्याने भुकटी वाया जाते आणि कोबाल्ट जागचं हलत नाही.

लोखंड भुकटी टाकण्याआधीच, लीचिंगमध्ये (खनिज आम्लात विरघळवताना) पीएच ५ च्या आसपास साका होऊन जातं. तांबं भुकटी पडताच द्रावणातून निघतं. त्यांच्याबद्दल कुणाचा गोंधळ नसतो.

गोंधळ होतो तो धातूंच्या प्रमाण विभवाच्या तक्त्यामुळे. विभव जस्ताच्या जितकं वर, तितका तो धातू जस्ताने सहज निघावा, असं त्यावरून वाटतं. विभव जस्ताचं −०.७६ व्होल्ट, कॅडमियमचं −०.४०, कोबाल्टचं −०.२८. म्हणजे कोबाल्ट आधी निघायला हवं! पण अभिक्रिया होऊ शकते का, एवढंच तक्ता सांगतो. किती वेगाने होईल, हे सांगत नाही. कॅडमियम ५५ ते ६५ अंशांना नुसत्या भुकटीवर बसतं. एका ग्रॅमला हिशेबाने ०.५८ ग्रॅम जस्त लागतं, प्रत्यक्षात थोडं जास्त. कोबाल्टचा हिशेब १.११ ग्रॅमचा, पण खर्च कित्येक पट. जस्ताच्या स्वच्छ कणावर ते फार मंद बसतं, आणि कणाजवळ पीएच चढला की बेसिक झिंक सल्फेटचा थर त्या कणालाच झाकून टाकतो.

म्हणून कोबाल्टला तीन गोष्टी हव्यात: ८० अंशांच्या वरची उष्णता, मोजके मिलिग्रॅम अँटिमनी (ट्रायऑक्साइड किंवा टार्ट्रेट) आणि थोडं तांबं. तांबं आधीच निघून गेलं असेल तर मोरचूद घाला. तांबं-अँटिमनीच्या ठिपक्यांवर कोबाल्ट पटकन बसतं. आर्सेनिकनेही काम होतं, पण त्यातून आर्सिन हा जीवघेणा वायू सुटू शकतो. निवड करता येत असेल तर अँटिमनीच घ्यावं. तेही मोजून, कारण जादा उरलेलं अँटिमनी सेलमध्ये (जिथे विजेने जस्त बसवतात) स्वतःच घात करतं.

दोन्ही कामं एकाच गरम टाकीत उरकू नका. त्या उष्णतेला बसलेलं कॅडमियम पुन्हा विरघळू लागतं. अँटिमनीच्या पद्धतीत आधी थंड टप्पा (तोच ५५ ते ६५ अंशांचा), लगेच फिल्टर प्रेसमध्ये दाबाने गाळणं, मग गरम टप्पा. केक, म्हणजे धातू बसलेला गाळ, द्रावणात रेंगाळला की केलेली मेहनत पाण्यात.

चूक सेलमध्येही वेगवेगळी दिसते. कॅडमियम जस्तासोबत कॅथोडवर मुकाट बसतं आणि शुद्धतेच्या चाचणीतच सापडतं. कोबाल्ट हायड्रोजन सुटणं सोपं करतं, बसलेलं जस्त पुन्हा विरघळतं, आणि कॅथोडच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरून जस्त सोलताना त्यात आरपार भोकं दिसतात.