बिबा (नागपूर परिसरातील लोकोपचार)

बिबा किंवा बिब्बा (सं. भल्लातक; हिं. भिलावा) : आम्रकुलातील सेमेकार्पस ॲनाकार्डियम या पानझडी वृक्षाचे फळ. नागपूरकडे एकेरी ‘ब’चा उच्चार रूढ आहे.

नावाचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. ‘ॲनाकार्डियम’ म्हणजे हृदयाच्या आकाराचे. मध्ययुगीन युरोपीय वैद्यकात हे नाव बिब्याचे होते. अमेरिकेतला काजू माहीत झाल्यावर ते त्याला चिकटले आणि १७५३ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने काजूच्या प्रजातीला तेच दिले. बिब्याला १७८१-८२ च्या सुमारास कनिष्ठ लिनीअसकडून (त्याच्या मुलाकडून) ‘सेमेकार्पस’, म्हणजे खुणेचे फळ, हे नाव मिळाले. परीट बिब्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करीत आणि चुन्याने त्या पक्क्या करीत. अरबी ‘बलाधुर’ हा शब्द भल्लातकावरून आला असावा. नवव्या शतकातील बगदादचा इतिहासकार अल-बलाधुरी याचे उपनाम स्मरणशक्तीसाठी घेतलेल्या बिब्यावरून पडले, असे सांगतात. तो त्याने स्वतः घेतला की आजोबांनी, याबद्दल मतभेद आहेत. आजोबांचा पक्ष अधिक ग्राह्य दिसतो.

रामटेक, मौदा भागात भाताच्या रोवणीत दिवसभर बांधीच्या (भातखाचराच्या) चिखलात उभे राहून पायांना चिखल्या होतात, टाचांना भेगा पडतात. बिबा सुईला टोचून दिव्यावर धरतात आणि ठिबकणारे काळे तेल तिथे लावतात. काटा मोडून राहिला किंवा कुरूप झाले तर त्याचाच चटका देतात. जुनाट खोकल्यावर तेलाचे थेंब दुधात पाडून देण्याचीही रीत आहे. आतली गोडंबी मात्र खाण्याची. ती डिंकाच्या लाडवांत पडते.

टरफलातील भिलावनॉल या फिनॉलवर्गीय द्रव्यांमुळे अनेकांच्या अंगावर फोड उठतात; यालाच ‘बिबा उतणे’ म्हणतात. उतारा म्हणून खोबरे किंवा तीळ वाटून लावतात. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांनाही परटाच्या खुणेमुळे असा त्वचादाह झाल्याच्या नोंदी आहेत. चरकसंहितेच्या रसायनाध्यायात भल्लातकाचे प्रयोग आहेत. मात्र तो पोटात देण्यापूर्वी विटेच्या पुडीत घासून शुद्ध करण्याचा वैद्यांचा प्रघात आहे. दुधातल्या थेंबांच्या घरगुती उपचारात नेमकी हीच पायरी गळते. त्यामुळे लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना तो देऊ नये, हे स्पष्टपणे सांगायला हवे.

दारावर लिंबू-मिरचीबरोबर बिबा टांगतात तो दृष्ट लागू नये म्हणून.