काट्यावरचं वजन आणि गाठोड्यातलं वस्तुमान

वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी वावराच्या धुऱ्यावर निंबाच्या फांदीला काटा टांगतात. कापसाचं गाठोडं आकड्याला अडकवलं की आतली स्प्रिंग ताणते आणि सुई 20 वर थांबते. "वीस किलो वजन भरलं," आपण म्हणतो. व्यवहारात ते बरोबरच. वेचणीची मजुरीही त्यावरच ठरते. विज्ञानात मात्र किलो हे वस्तुमानाचं एकक आहे, वजनाचं नाही. शाळेत हा फरक पाठ करून पोरं मोकळी होतात. मला वाटतं, त्यापेक्षा गाठोड्यालाच हात लावून बघावा.

गाठोडं टांगलेलंच राहू द्या. पृथ्वी त्याला खाली ओढते, फांदी वर धरून ठेवते. पृथ्वीची ही ओढ म्हणजे वजन: किलोमागे सुमारे 9.8 न्यूटन (न्यूटन हे जोर मोजायचं एकक), म्हणजे 20 किलोला 196. आता आडवा धक्का द्या. भार सगळा फांदीने पेललाय, तरी गाठोडं चटकन हलत नाही. शेजारी रिकामं फडकं टांगा, ते बोट लावताच झुलतं. आणि झोका घेऊन परत येणारं गाठोडं छातीवर अडवायला गेलात, तर तुम्हीच मागे सरकाल. हलायला आणि हलल्यावर थांबायला होणारा हा विरोध वस्तुमानाचा.

चंद्रावरची ओढ इथल्या साधारण सहाव्या हिश्श्याची. तिथे हाच काटा 3.3 किलोच्या आसपास दाखवेल. दांडीचा तराजू मात्र 20 च सांगेल, कारण दुसऱ्या पारड्यातली मापंही तेवढीच हलकी झालेली असतात. आडवा धक्का तर इथल्याइतकाच जोराचा लागेल. पृथ्वीवरही विषुववृत्तापेक्षा ध्रुवावर ओढ अर्धा टक्का जास्त आहे. 20 किलोमागे स्प्रिंगच्या काट्यावर 100 ग्रॅमचा फरक पडतो.

सकाळी दवात वेचलेला कापूस जास्त भरतो, ते वेगळं. तिथे पाणीच वाढलेलं असतं, म्हणून वस्तुमान आणि वजन दोन्ही वाढतात.

मग जड वस्तू खाली लवकर पडायला हवी ना? दसपट वस्तुमानाला ओढ दसपट, पण त्याला हलवायलाही जोर दसपटच लागतो. म्हणून पडण्याचा वेग दोघांचाही सारखाच वाढतो. बोंडातून सुटलेला कापसाचा पुंजका तरंगत येतो, कारण त्याला हवा अडवते. चंद्रावर हवा नाही. 1971 मध्ये अपोलो 15 या चांद्रमोहिमेतले अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी तिथे एका हातातून हातोडा आणि दुसऱ्यातून ससाण्याचं पीस सोडलं. दोन्ही एकाच वेळी खाली टेकले.